दोन किलो सहाशे चाळीस

लक्ष्मीपुरीत मोमीनचाचांकडं ताडपत्री मिळते,
ट्रकची, गुऱ्हाळाची, मांडवाची.
समुद्रावरची मागितली तेव्हा
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘समुद्रावर झाकायचंय काय?’

मी पोरीकडं बघितलं.
पूर्ण बाह्या, हातमोजे, डोळ्यांपर्यंत ओढणी.
गाडीवरच्या सगळ्याच पोरी असं बांधून फिरतात,
म्हणून हिला कुणी विचारत नाही.

तीन वर्षांमागं डॉक्टरांनी ऊन बंद केलं तिचं,
मीठ बंद करतात तसं.
तेव्हापास्नं आम्ही समुद्र अंधारातच बघतो.
गगनबावड्यानं उतरायचं,
गाडीतच बसून राहायचं,
सूर्य बुडाला की दार उघडायचं.
लाटांचा आवाज तेवढा, आणि एक पांढरी कड
जवळ येऊन परत जाणारी.
यंदा म्हणाली, मला रंग बघायचाय.
दुपारी बाराचा.

पहिली निघाली लोखंडी चौकटीची, चौदा किलोची.
मला पटली.
सव्वीस वर्षं लेथवर उभा आहे,
पाइपवर नख वाजवलं की गेज कळतो.
म्हटलं, वारा हिचं काय वाकडं करतोय!
अन्वितानं एका हातानं उचलली,
खाली ठेवली, मनगट चोळलं.
‘ही तुम्ही उचलणार, बाबा.’
‘मग? आहे की मी.’
‘तेच तर.’

छत्री उघडली, झालरीची.
‘हिची सावली फिरत जाणार,
मी काय दिवसभर तिच्यामागं सरकत बसतो?’
पांढरं कापड नको म्हणाली,
वाळूवरनं ऊन उलटं वर येतं,
आतनं गडद पाहिजे.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
चाचा माझ्याकडं बघेनात,
तिलाच विचारायला लागले.

शेवटी पोटमाळ्यावरनं एक पिशवी आली,
पडवळाएवढी लांब, धुळीनं पांढरी.
भाच्यानं गोव्यातनं आणलेला नमुना,
चार वर्षांत गिऱ्हाईक नाही.
ताणलं की ताणणारं निळं कापड, चार नळ्या,
आणि चार कोपऱ्यांना रिकामे खिसे.
‘हे कशाला?’
‘वाळू भरायची तिथली. वजन घरनं न्यायचं नाही, बेटा.’

काट्यावर ठेवली.
दोन किलो सहाशे चाळीस.

मी नळीवर नख वाजवलं.
पातळ. अगदीच पातळ.
गप्प बसलो.

रात्री गाळ्यात नळ्यांचे जोड आतनं कोरले,
लोखंडी हूक फेकून ॲल्युमिनियमचे केले.
जन्मभर भोकं पाडून पैसे घेतले,
पण कमी झालेलं वजन
असं कधी मोजलं नव्हतं.
दोन दोनशेदहा.
एवढं नाइट्रिक थंडीतही झोप उडवत नाही,
असं काही लिहायचं नाही मला,
चहा घेतला आणि घरी गेलो.

रविवारी उद्यमनगर बंद.
शेजारच्या फाउंड्रीच्या अंगणात, भर दुपारी,
तिनं स्वतः पिशवी खांद्यावर घेऊन नेली.
अंगभर झाकून. अकरा पावलं.
मी शटरखाली उभा, हात मागं बांधून;
तसं तिनंच बजावलं होतं.
खिशांत मोल्डिंगची काळी वाळू भरली,
दोनदा एक कोपरा निसटला,
तिसऱ्यांदा कापड ताणलं गेलं.
वॉचमन कांबळे विचारत आला,
‘भेळेची गाडी टाकताय काय?’

ती आत बसली.
बराच वेळ काही नाही.
मग एक हातमोजा काढला.
उजवा.
हात पालथा केला, उताणा केला,
पोळी भाजल्यासारखा.

आवरताना मी खिसे झटकायला गेलो.
‘ऱ्हाऊ दे थोडी,’ म्हणाली,
‘तिकडच्या वाळूत मिसळतो मी.’